पाहुण्यांसमोर पालथं

आई,

मी पांढरकवड्याच्या शिबिराले चालली. मणक्याले मार लागलेल्यांच्या घरच्यांले आज दाबानं होणारे बेडसोर कसे टाळायचे ते शिकवायचं आहे. पाचपर्यंत येईन.

ह्यांले पालथं निजवलं आहे. बारा वाजता कुशीवर करा, दोनले पुन्हा पालथं. मुकुटबनची मंडळी भेटाले आली तरी खुर्चीत बसवू नका. काल मोठे मामंजी आले, तर वडीलधाऱ्यांसमोर पालथं पडणं बरं दिसत नाही म्हणून तुमी दोन तास बसवून ठेवलं. ह्यांले कमरेखाली काही समजतच नाही, म्हणून हेही हसत बसले. बुडावरची भरत आलेली जखम पुन्हा उघडली.

मी ओरडली, ते चुकलं. पण काय करू, मले समजूनच नाही राह्यलं. तिथं शिबिरात अनोळखी माणसं माझं बोलणं वहीत लिहून घेतात, अन् घरात मी फक्त सून आहे.

लेक मोठा झाला म्हणून तुमी तिकडे पाहत नाही, मले माहीत आहे. लहानपणी तुमीच न्हाऊ घातलं ना ह्यांले? ह्यांले स्वतःची जखम पाहाचा आरसा उशीखाली आहे, तो ह्यांच्या हाती द्या. आज एकदा तुमीही पाहा. मग पाहुण्यांले काय सांगायचं, ते तुमीच ठरवा.

दिपाली