हिरव्या ठिपक्याचं घर

सोमवार, ३ मार्च

कुलूपवाल्या काकांच्या भेटी कमी केल्या! मला न विचारता! सकाळी ऑफिसात फळा बघितला (भिंतीवरच्या त्या मोठ्या स्क्रीनला आम्ही सगळ्या सिस्टर फळाच म्हणतो), तर काकांच्या नावापुढे हिरवा ठिपका आणि खाली ओळ: ‘प्रकृतीत सातत्याने सुधारणा. गृहभेट दर आठवड्याऐवजी महिन्यातून एकदा.’ शेजारी हसरा चेहरा. कोणाला हसतोय कोण जाणे.

सुधारणा कशावरून, तर वजनावरून. हृदय थकलं की अंगात पाणी साठतं, वजन वाढतं. म्हणून काकांच्या घरी वजनकाटा दिलाय. सकाळी सातला त्यावर उभं राहायचं, आकडा आपोआप फळ्यावर येतो. दोन किलो वाढले की ठिपका लाल आणि अ‍ॅम्ब्युलन्स दारात. काकांचा आकडा पाच आठवडे उतरतोय. डॉक्टरांनी पाणी उतरवायची गोळीसुद्धा निम्मी केली — फळ्याकडे बघूनच, काकांकडे नाही.

आणि मी मागच्या बुधवारी काय बघितलं? मला जिन्यापर्यंत सोडायला आले तर तीन पावलांत धाप. तसं लिहिलंही होतं, ‘इतर निरीक्षणे’ या चौकटीत. ती चौकट कोणीच वाचत नाही हे आज कळलं. अकरा वर्षं घरोघरी जिने चढतेय, आणि माझे डोळे म्हणे ‘इतर’!

मंगळवार, ४ मार्च

मेट्रनबाईंना सांगितलं. म्हणाल्या, आकडे बोलतात. मी म्हटलं, धापही बोलते. विषय संपला.

शुक्रवार, ७ मार्च

अख्खा दिवस प्रशिक्षणात गेला. विषय — आरोग्यसेवेकडे एक सबंध व्यवस्था म्हणून कसं बघावं. शिकवणारे गृहस्थ गोड बोलणारे. म्हणाले, एक धागा ओढला की सगळं कापड हलतं. खरंच आहे की! मग रंगीत चिठ्ठ्या वाटल्या. गोल काढा, बाण काढा.

मी काकांचं घर काढलं. एका गोलात काका: हृदय विभाग, आमचं ॲप. दुसऱ्या गोलात काकू: विसरायला लागल्यात, म्हणून स्मृती विभाग, त्यांचं ॲप वेगळं, पासवर्ड वेगळा. मला काकूंची फाइल उघडत नाही, त्यांना काकांची उघडत नाही. दोघं एका खोलीत राहतात, एका ताटात जेवतात, आणि विभाग मात्र भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून. दोन गोलांमध्ये मी जाड बाण काढला. गृहस्थांनी त्याचा फोटो घेतला — उत्तम उदाहरण म्हणाले.

विचारलं, मग दोघांची मिळून एक फाइल करता येईल? म्हणाले, तो तांत्रिक प्रश्न. तांत्रिक विभागाचा माणूस मागेच बसला होता. तो म्हणाला, छे, तो धोरणाचा प्रश्न. धोरणवाले जेवायला गेले होते. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय!

घरी येऊन तणतणले. नवरा म्हणतो, तू त्या फळ्याशीच लग्न करायला हवं होतंस, भांडायला रोज हाताशी राहिला असता. चिडायचं सोडून हसूच आलं.

सोमवार, १० मार्च

ड्यूटी संपल्यावर काकांकडे गेले. फळ्याच्या मते जायचं कारण नव्हतं, पण पाय तिकडेच वळले.

दाराला आतून वरच्या अंगाला कडी आहे, काकूंचा हात पुरणार नाही अशी. काकू बाहेर निघून जाऊ नयेत म्हणून काकांनी स्वतः बसवलीय. जन्मभर दुसऱ्यांची कुलपं उघडली, आता स्वतःचं दार बंद ठेवतात. काकू खिडकीपाशी खुर्चीत, अंगात दोन स्वेटर. काय काकू, म्हटलं. हसल्या. मग माझं लक्ष काकांच्या पायांकडे गेलं आणि तिथेच राहिलं. घोट्याजवळ अंगठा दाबला — खड्डा पडला, भरेचना.

वजन उतरतंय आणि पाय सुजतायत? काट्यावर उभे राहा म्हटलं, तर म्हणाले सेल संपला असेल. सकाळी होता, आता संपला? टेबलावरच्या किल्ल्या इकडच्या तिकडे करत बसले.

मंगळवार, ११ मार्च

काटा बिघडल्याची तक्रार केली. तांत्रिक माणूस म्हणाला, काटा ठणठणीत आहे, आजही सातला आकडा आला. मशीन खोटं बोलत नाही म्हणे. म्हणजे खोटं बोलणारी मीच!

बुधवार, १२ मार्च

सात वाजायच्या आत जाऊन दार वाजवलं. काकांनी कडी काढली. त्यांच्या मागे, खोलीच्या मधोमध, काट्यावर काकू उभ्या. पाय जुळवून, हात सरळ, शाळेच्या प्रार्थनेला उभं राहावं तशा.

काका खुर्चीत बसले आणि सगळं सांगून टाकलं. जानेवारीत त्यांचा ठिपका लाल झाला, अ‍ॅम्ब्युलन्स आली, पाच दिवस दवाखान्यात काढले. दुसऱ्याच दिवशी काकू बस डेपोत सापडल्या, अनवाणी, प्रत्येक ड्रायव्हरला आपलं घर विचारत. स्मृती विभागाने कागद करून ठेवलाय — पुन्हा एकट्या सापडल्या तर कायमच्या संस्थेत. काका घरी आले आणि दुसऱ्या सकाळपासून काकूंनाच काट्यावर उभं करू लागले. दोघांचं वजन तेव्हा सारखंच होतं. फळ्याला काय कळतंय!

“सिस्टर, मी लाल झालो की हिला नेतील. मग मी बरा होऊन करू काय?”

मला काकांवर रागावता आलं नाही. यात लबाड कोण? काटा खरा. आकडा खरा. डॉक्टरांनी आकडा बघून गोळी कमी केली, तेही नियमानेच. काका तर सगळ्यांत शहाणे. सगळे आपापल्या जागी बरोबर, आणि एक माणूस पाण्यात बुडतोय, स्वतःच्याच अंगातल्या! जिन्यात उभी राहून रडले. रागाने.

गुरुवार, १३ मार्च

काकांना भरती करायलाच हवं. काकूंशिवाय ते हलणार नाहीत. स्मृती विभागाला फोन केला. म्हणाले, तात्पुरती सोय हवी तर पेशंटने स्वतः ॲपवरून अर्ज करावा. पेशंटने! जिला स्वतःचं दार आठवत नाही, तिने पासवर्ड आठवायचा!

मेट्रनबाईंच्या टेबलापाशी तासभर ठाण मांडलं. दोघांना शेजारच्या खाटा द्या. तसा रकाना नाही. बरं, पेशंटबरोबर सोबतीला एक माणूस चालतो ना? चालतो. मग काकू सोबतीला येतील. सोबतीचा माणूस धडधाकट असावा असं कुठे लिहिलंय, दाखवा!

बाईंनी नियमांचं पुस्तक चाळलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“लिहिलेलं नाही,” म्हणाल्या. आणि सही केली. कागदावर, पेनाने.

शुक्रवार, १४ मार्च

काका भरती झाले. खरं वजन एकोणसाठ! डॉक्टर आकड्याकडे बघतच राहिले, मग माझ्याकडे. काकू शेजारच्या खाटेवर, काकांची बाही घट्ट धरून.

सोमवार, १७ मार्च

चार किलो पाणी उतरलं. काका आडवे होऊन झोपले, कित्येक दिवसांनी. मला बघून म्हणाले, तुमच्या फळ्याचं कुलूप तुम्ही बरं उघडलंत. दिवसभर हवेत होते. नवऱ्याने विचारलं, आज भांडण नाही? नाही म्हटलं, आज मी जिंकले.

मंगळवार, १८ मार्च

मेट्रनबाई म्हणाल्या, सहा आठवड्यांच्या चुकीच्या नोंदी काकांच्या फायलीतून काढून टाक. काढायला बसले. पहिली नोंद ५३.६. शेवटची ४७.२. बोट बटणावरच थांबलं.

चुकीच्या कुठे आहेत? काकूंच्या आहेत. सहा आठवड्यांत सहा किलो! ती झिजली म्हणून त्यांची गोळी निम्मी झाली. गोळी निम्मी झाली म्हणून ते सुजले. आणि ते सुजले म्हणून पुन्हा तीच काट्यावर. रोज सकाळी सातला ती आम्हाला सांगत होती आणि आम्ही हसरा चेहरा लावत होतो. आम्ही कशाला — मी! सहा आठवड्यांत सहा वेळा त्या घरात गेले, ती समोर बसलेली असायची, आणि मी एकदाही तिच्या मनगटाला हात लावला नाही.

लगेच वॉर्डात फोन केला. काकूंचं वजन आत्ताच्या आत्ता घ्या म्हटलं.

“कोणाचं?” तिथली सिस्टर म्हणाली. “त्या पेशंट नाहीत हो, सोबतीला आल्यात.”