गाडीतली एक जागा

२ फेब्रुवारी, सकाळ
आजपासून बिडी बंद. अर्धी उरली होती, ती फेकवली नाई, म्हणून ओढून घेतली.

साधना सिस्टर आली होती. म्हणे पत्रूभाऊ, फुफ्फुसाचे व्यायाम चंद्रपूरले शिकवतात, आठवड्यातून दोनदा, दोन महिने. मी म्हटलं, फाट्यापर्यंत चालता आलं असतं तर व्यायाम कायले शिकलो असतो? म्हणे, म्हणूनच गाडी येऊन राह्यली. पण आपल्या गावाले एकच जागा. मी किंवा रामाजी.

रामाजी! राइस मिलमध्ये सव्वीस वर्षं दोघांनी सारखाच कोंडा खाल्ला. आता यातही तो?

५ फेब्रुवारी
दोघांले तक्ता मिळाला. रोज किती चाललो, किती दम लागला, ते लिहायचं. त्यावरून जागा ठरणार. सोपं काम. मिलमध्ये जो जास्त पोती उचले त्यालेच मुकादम पहिले हाक मारे. रामाजी दोन-दोन उचले. माझी तेव्हा कंबर दुखे.

आज हापशीपर्यंत गेलो. दहा मिनिटं लिहिली. हापशीवर बसलो तो टाइमही धरला.

८ फेब्रुवारी
दम लागला की तोंडात ओढायचा माझा पंप संपला. दवाखान्यात म्हणे पुढच्या हप्त्यात या. रामाजीचा काऊन संपत नाई? नीलाबाई म्हणे, ते सांगितलं तेवढाच ओढतात, तुम्ही घडीघडी ओढता. बायको माझी, बाजू त्याची.

११ फेब्रुवारी, सायंकाळ
रामाजी देवळाकडे निघाला. पायात पांढरे बूट! पोरानं नागपूरहून पाठवले. माझा दिनेश फोनवर नुसता विचारते, बाबा बरे आहा ना?

तक्त्यात: पंचवीस मिनिटं. दम: नाई.

१४ फेब्रुवारी
चूल धुपली. दिवसभर खोकलो. चाललो नाई. तीस लिहिली.

१७ फेब्रुवारी
चाळीस. नीलाबाईनं पाहिलं. म्हणे, न्हाणीत जाताना भिंत धरता, अन् चाळीस? मी म्हटलं, तुले कॉम्पिटिशन समजत नाई.

२० फेब्रुवारी
तक्ते जमा केले. रामाजीच्या तक्त्यात डोकावलो. 'सहा मिनिटं. दोनदा बसलो. खूप दम.' अरे, असं लिहिते का कोणी! बिचारा. गेली त्याची जागा. घरी येऊन पिशवी भरली. टॉवेल नवा घेतला.

२३ फेब्रुवारी
सिस्टर म्हणे, वा पत्रूभाऊ, तुम्ही तर एकदम फिट! जागा ज्याले जास्त गरज त्याले. रामाजीले.

खरं सांगणार होतो. पण रामाजी समोरच उभा, बूट घालून. तोंडातून निघालं, हो, मले काय धाड भरली! पुढची गाडी कधी विचारलं. तिलेही माहीत नाई.

२५ फेब्रुवारी, सकाळ
गाडी गल्लीत शिरत नाई, पक्क्या रस्त्यावरच थांबते. सिस्टर म्हणे, पत्रूभाऊ, तुम्ही चाळीस मिनिटं चालता, रामाजीभाऊची पिशवी तेवढी पोचवून द्या.

नेली. वाटेत चारदा बसलो. दरवेळी रामाजी थांबला. शेवटी पिशवी त्यानंच घेतली, अन् मलेही हाताले धरलं.

गाडीत बसल्यावर खिडकीतून म्हणे, पत्रू, आता घरी कसा जाशील बे?

म्हटलं, चालत.

गाडी जाऊन तास झाला. रस्त्यावरच्या दगडावर बसून लिहून राह्यलो. नीलाबाईले निरोप धाडला, घ्यायले ये म्हणून.