डाव्या खांद्यामागची जागा

मी, मर्व्हिन जोसेफ ट्रँटर, धंद्याने सुतार आणि तरुणपणी वीटभट्टी फुटबॉल क्लबचा फुलबॅक, राहणार बॅलरॅट, हे मृत्युपत्र राजीखुशीने, माझ्याच हाताने लिहून ठेवत आहे. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. सगळ्यांना तो लागत नाही. ज्याने उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या गुडघ्यांवर डोकं आपटण्यात घालवली त्याला लागतो, असं वकीलबाई म्हणाल्या. अक्षर वाकडं आहे, कारण बोटं वाकडी आहेत. त्याचा अर्थ मन डळमळलं होतं असा कोणी काढू नये.

पोटाचा आजार आता पोटापुरता राहिलेला नाही. पुढच्या हंगामाचा पहिला सामना मला दिसणार नाही, हे डॉक्टरांचं जुलैत सांगून झालं. ऐकून काही वाटलं नाही. बाहेर येऊन गाडी कुठे लावली होती ते आठवत उभा राहिलो.

घरदार आहे, थोडंफार किडूकमिडूक आहे, त्याची वाटणी खाली येईलच. पण लिहायला बसलो ते एकाच गोष्टीसाठी. माझ्यामागे दर शनिवारी दुपारी क्लाइव्ह पास्कोजवळ कोण उभं राहणार, हे ठरायचं आहे.

कलम पहिले. माझी हत्यारं, म्हणजे करवती, रंधे, पटाश्या आणि मोठा शिकंजा, चर्चमागच्या शेडमध्ये म्हातारी मंडळी सुतारकाम करतात त्यांना द्यावीत. शेजारी एर्नी डॅफर्न याने त्यातल्या कशालाही हात लावू नये. त्याने माझा गिरमिट नेला तो नेलाच. विचारलं की म्हणतो, कुठला गिरमिट?

कलम दुसरे. माझी राख नोलाशेजारी ठेवावी. नोला म्हणजे माझी बायको, ती तीन वर्षांपूर्वी गेली. आमचे लोक राख गोलच्या खांबांपुढच्या चौकटीत उधळतात, तसं माझं करू नये. त्या चौकटीत मी आयुष्यभर उभा होतो, आता बसू द्या. क्लबचं गाणंही वाजवू नये. ते जिंकणाऱ्यांसाठी वाजतं आणि या सामन्यात कोण जिंकलं ते दिसतंच आहे.

कलम तिसरे. बँकेत जे निघेल ते माझी मुलगी जॅनीन हिचं. तिला भाऊबहीण नाही, तेव्हा भांडणाचा प्रश्न नाही.

कलम चौथे. पेटीत तळाशी एक जर्सी आहे, हिरवी-पांढरी. गळ्यापासून पोटापर्यंत काळी पडली आहे, ते रक्त माझं. नोलाने ती मुद्दाम धुतली नाही. का, ते इथेच सांगून टाकतो, म्हणजे पुढच्या कलमाला वाचणारा अडखळणार नाही.

आमच्याकडच्या फुटबॉलात चेंडू हातानेही झेलतात, आणि त्यात फुलबॅकचं काम सांगायला सोपं. समोरच्यांचा सगळ्यात जास्त गोल करणारा गडी असतो, त्याच्या अंगाला अंग लावून शनिवारची दुपारभर उभं राहायचं. उंच चेंडू आला की तो झेल घ्यायला उडी मारतो. आपण त्याच्या मागून उडायचं आणि झेल हातात बसायच्या आत चेंडूला बुक्की मारायची. झेल आपण घ्यायला जायचं नाही, लोभ नडतो. टाळ्या वाजल्या तर त्याच्या, मोडली तर बोटं आपली. गोदीवाल्यांच्या क्लबचा क्लाइव्ह पास्को हा माझ्या वाट्याला आलेला गडी. इतकी वर्षं त्याच्या मागे उभा राहिलो की त्याच्या मानेवरचे तीळ मला नोलाच्या तिळांपेक्षा जास्त ठाऊक होते. हे नोलाच म्हणायची.

एका उपान्त्य सामन्यात मी त्याला सकाळपासून हलू दिलं नव्हतं. सकाळपासून म्हणजे दुपारपासून, पण त्याला सकाळपासून वाटलं असणार. चेंडू पार दुसऱ्या टोकाला होता, पंचांची पाठ आमच्याकडे. क्लाइव्ह वळला आणि त्याने कोपर माझ्या डाव्या गालावर घातलं. गालाचं हाड तीन ठिकाणी मोडलं. शुद्ध आली तेव्हा कोणीतरी माझ्या तोंडातून गवत काढत होतं.

पुढच्या आठवड्यात शिस्तसमिती बसली. मी बोललो असतो तर क्लाइव्ह अंतिम सामन्याला मुकला असता, आणि अंतिम सामना पुन्हा आमच्याशीच होण्याची शक्यता होती, कारण आमच्याकडे उपान्त्य सामना हरलेल्याला आणखी एक संधी मिळते. पण आमच्यात एक रीत होती. मैदानावरचं मैदानावर राहतं. मार खाल्लेला माणूस समितीपुढे नाव घेत नाही, आणि घेतलंच तर त्याच्याच क्लबातले लोक त्याच्या शेजारी कपडे बदलत नाहीत. नोला ती जर्सी पुरावा म्हणून पिशवीत घालून माझ्याबरोबर आली होती. अध्यक्षांनी विचारलं, काय झालं? मी म्हणालो, पाय घसरला, खांबावर आदळलो. क्लाइव्ह समोर बसला होता, बुटांकडे बघत.

बाहेर आल्यावर नोला मला म्हणाली, "हाडं मोडली ती मोडली. जीभही मोडली का रे तुझी?"

अंतिम सामना त्यांच्याशीच झाला. मी तोंडात तारा घालून बाकावर बसलो आणि क्लाइव्हने आमच्यावर गोलांची रास घातली. चषक त्यांचा झाला. आभार नाही, माफी नाही. मीही वाट बघितली नाही.

तेव्हापासून माझा डावा गाल बधिर आहे. दाढी करताना कापलं तर आरशात दिसेल तेव्हा कळतं. जेवताना सूप ओघळलं की समोर बसलेली नोला स्वतःच्या गालावर बोट ठेवायची, मग मी पुसायचो. नोलाला पोचवून आलो तेव्हा रडलो. एवढंही मला उजव्या गालावरूनच कळलं. आता गालावर बोट ठेवणारं कोणी नाही, म्हणून सूप करत नाही.

ती जर्सी जॅनीनने घ्यावी आणि गार पाण्यात मीठ टाकून धुवावी. साक्षीपुराव्याचं काम संपलं.

कलम पाचवे. घर, परसातल्या लिंबासह, जॅनीनचं. मात्र अट अशी की तिने दर शनिवारी दुपारी दोनच्या सुमारास टेकडीवरच्या वृद्धाश्रमात जावं आणि क्लाइव्ह पास्को जिवंत असेतो त्याच्याजवळ उभं राहावं.

वकीलबाई म्हणाल्या, असली अट कोर्टात टिकत नाही. मी म्हटलं, लिहायला काय जातं?

नोलाचे शेवटचे महिने त्याच आश्रमात गेले. एका शनिवारी तिच्या खोलीतून बाहेर आलो तर मोठ्या खिडकीपाशी एक दांडगा म्हातारा गोल गोल फिरत होता. हात मागे करून हवा चाचपत होता आणि कण्हत होता. मानेवरून ओळखला. स्मरणशक्ती पार गेलेली, मुलगा पर्थला, नाताळात फोन करतो. शिजी नावाची केरळची नर्स आहे, ती म्हणाली, अंकल, यांचं दर शनिवारी दुपारी हे असंच. काही केल्या शांत होत नाहीत. शेवटी औषध देऊन झोपवावं लागतं, मग रविवारभर डोळा उघडत नाहीत, जेवण नाही, पाणी नाही. अशाने किती दिवस निघतील सांगता येत नाही.

मी काही ठरवलं नव्हतं. सवयीने जाऊन त्याच्या डाव्या खांद्यामागे उभा राहिलो. मुठीची मागची बाजू त्याच्या कमरेला टेकवली. तो थांबला. मागे न बघता म्हणाला, "उशीर केलास."

खोलीत परत गेलो. नोलाला दारातून सगळं दिसलं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मग म्हणाली, पुढच्या शनिवारी वेळेवर जा, त्याचं कण्हणं इथपर्यंत ऐकू येतं.

तेव्हापासून जातो. राग आहे का, विचारतात. शोधला, सापडला नाही. दयाही सापडली नाही. शनिवार आला की जायचं, एवढंच.

जो कोणी माझ्यानंतर जाईल त्याच्यासाठी: अर्धं पाऊल मागे, डावीकडे. कोपर धरायचं नाही, तो पंचांकडे बघून ओरडतो. बोलायचं कमी. तो अधूनमधून हात वर करतो, तेव्हा आपली मूठ त्याच्या हाताशेजारी न्यायची, पण मारायची नाही. चेंडू येत नाही. तरी वर बघायचं. मधल्या सुट्टीत एक संत्र्याची फोड त्याला, एक आपल्याला. पाच वाजता तो स्वतःच हात पुढे करतो. तो हातात घ्यायचा आणि निघायचं.

हे सगळं मी जॅनीनला गेल्या रविवारी वाचून दाखवलं. ती उठून ओट्यापाशी गेली.

"घर नको मला," ती म्हणाली. "ज्याने तुमचं तोंड मोडलं त्याला मी सोबत करू? आई जन्मभर तुमच्यासमोर बसून गालावर बोट ठेवत राहिली, ते कोणामुळे?"

"तो आजारी आहे," मी म्हणालो.

"तुम्ही पण आहात. तुमच्यासाठी कोण उभं आहे, बाबा?"

अट मात्र तशीच ठेवली. हट्टीपणा आमच्या घरातला आहे, तिला बाहेरून आणावा लागलेला नाही.

कलम सहावे. हे आज लिहितो आहे आणि काल जे झालं त्यामुळे लिहितो आहे.

काल गाडीचं स्टिअरिंग माझ्या हातात राहीना, म्हणून जॅनीन चालवायला आली. मी बाहेर गाडीतच बसते, असं तिने तीनदा सांगितलं. शिजीने चाकांची खुर्ची आणली, पण ती काल एकटीच होती आणि कुठलीतरी घंटा वाजत होती. खुर्ची ढकलायला जॅनीनलाच आत यावं लागलं. क्लाइव्ह खिडकीपाशी होता. हात मागे करून हवा चाचपत होता, गळ्यातून तो आवाज सुरू झाला होता. मी उठायला गेलो. पाय उठले नाहीत. पुन्हा गेलो. शिजीने माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि औषध आणायला वळली.

जॅनीन बराच वेळ खुर्चीची मूठ धरून उभी होती. मग गेली. चुकीच्या बाजूला उभी राहिली.

"डावीकडे," मी म्हणालो.

ती डावीकडे सरकली. अर्धं पाऊल मागे झाली. मुठीची मागची बाजू त्याच्या कमरेला टेकवली, मी वाचून दाखवलं होतं तशीच. क्लाइव्ह थांबला.

"कोण आहे?" त्याने विचारलं. मला कधी विचारत नाही.

जॅनीनने माझ्याकडे बघितलं. मी काही खूण केली नाही.

"ट्रँटर," ती म्हणाली. त्यात खोटं काही नाही. लग्नानंतरही तिने आडनाव बदललं नाही.

"उशीर केलास."

"हो. आता आहे मी."

त्याने हात वर केले. तिने मूठ त्याच्या हाताशेजारी नेली आणि दोघं वर बघत राहिली. वर नुसतं छत आहे. शिजी औषधाची वाटी घेऊन दारापर्यंत आली आणि तशीच परत गेली. पाच वाजता त्याने हात पुढे केला, तो जॅनीनने घेतला.

गाडीत बसल्यावर तिने किल्ली लावली, फिरवली नाही. माझ्याकडे बघून तिने स्वतःच्या डाव्या गालावर बोट ठेवलं. मला अर्थ लागेना. मग तिने रुमाल काढला आणि माझा गाल स्वतःच पुसला.

"सूप असेल," मी म्हणालो.

"आज कोणी सूप दिलं नाही, बाबा."

तरी, कलम पाचमधली अट मी माझ्या हाताने एक रेघ मारून खोडली आहे. खालचं वाचता यावं म्हणून एकच रेघ. घर जॅनीनचं, विनाअट.

वरील मजकूर वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या देखत सही केली.

मर्व्हिन जोसेफ ट्रँटर

साक्षीदार:
१. मॉरीन हॅलोरन, वकील
२. एर्नेस्ट डॅफर्न, शेजारी (सहीला येताना गिरमिट घेऊन आला. कलम पहिल्यातला त्याच्याविषयीचा मजकूर तरीही कायम.)

बॅलरॅट, रविवार, १५ सप्टेंबर २०१९