धुतलेली खडी

कर्वेनगर, पुणे
९ फेब्रुवारी २०२५

चि. मैत्रीस अनेक आशीर्वाद.

सवयीनं 'चि. सौ.' लिहिलं, मग खोडलं. कागद मात्र बदलला नाही.

फोनवर आपण दोघी नुसत्या रडतो, म्हणून पत्र. वर्ध्याला माहेरी तू जरा जेवतेस, असं तुझ्या आईंनी कळवलं. बरं वाटलं.

आता वाईट ऐक. अभिनवनं गच्चीवर मांडलेला तो संसार, खाली टाकीत चिलापी मासे आणि वर खडीत मातीशिवाय वाढणारा पालक, तू निघताना माझ्या हवाली केलास. तेरावा झाला, तू गेलीस, आणि सुतकाचं म्हणून मी सगळं घर धुवायला काढलं. त्या खडीवरचा तपकिरी बुळबुळीत थर बघवेना. माझ्या लेकाची वस्तू अशी घाण राहावी? घमेल्यात घेऊन सगळी ब्लीचिंग पावडरनं घासली. आठ दिवसांत सात मासे मेले. उरलेले तेरा वर येऊन तोंडं उघडतात. मुलगा गेला, निदान त्याचे मासे तरी जगवायचे होते. काय करू, सांग.

लोभ आहेच, हे वाचूनही राहू दे.
तुझी,
आई (विमल)

वर्धा
१४ फेब्रुवारी

ती. आईंस, कृ. सा. न. वि. वि.

चूक माझी. माशांच्या घाणीचं पालकासाठी खत करणारे जीवाणू त्या बुळबुळीत थरातच राहतात. ते गेले की तीच घाण माशांना विष होते. लग्नानंतर मीही ती खडी धुवायला निघाले होते, तेव्हा अभिनव केवढा हसला होता! तुम्हाला सांगायचं राहूनच गेलं.

दोन दिवस खाणं बंद ठेवा. रोज पाव टाकी पाणी बदला, पण नळाचं पाणी आधी दिवसभर बादल्यांत उघडं ठेवून. जीवाणू आपोआप परत येतात, महिना लागतो. तोवर खडीला हात लावू नका.

खरं सांगू? मी पळून आले, आई. गच्चीवरचा पंप सुरू झाला की वाटायचं, तो वरच आहे. रागावू नका.

आपली,
मैत्री

कर्वेनगर
१६ मार्च

चि. मैत्रीस आशीर्वाद.

रागावून काय करू? तू वर्ध्याला पळालीस, मी ब्लीचिंगकडे. चार मासे वाचले. खडी पुन्हा बुळबुळीत व्हायला लागली आहे. शेजारच्या बायडाबाई म्हणाल्या, शेवाळ आलंय, धुऊन देऊ का. मी असं बघितलं की बाई चहा न घेताच गेल्या.

आज त्याच्या कपाटामागे खुंटीवर निळा शर्ट सापडला. एवढं घर धुतलं, हाच राहिला होता. कॉलर मळलेली. बादलीपर्यंत नेला. त्याचा वास अजून आहे गं.

नाही धुतला. तू ये.

आई