ओडेसाला घरी पाठवले त्याबद्दल, आणि माझ्या घराबद्दल

मी, व्हर्लीन टब्स, वय त्रेसष्ट, राहणार पेकन स्ट्रीट, हॅलोवे, मिसिसिपी, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणी दबाव आणलेला नाही. आणायला कोणी धजावेल असे वाटतही नाही. वकीलबाई मिस स्लोन यांनी रिवाजाप्रमाणे विचारले, "मन ठिकाणावर आहे ना?" मन ठिकाणावर आहे. हृदय निम्म्याहून कमी ताकदीने चालते, साखर अडतिसाव्या वर्षापासून आहे, रक्तदाब त्याच्याही आधीपासून, आणि मूत्रपिंडे गेल्या वर्षापासून कुरकुरतात. प्रत्येक आजाराचा डॉक्टर वेगळा, गाव वेगळे, वार वेगळा. हे सगळे आजार एकाच बाईच्या अंगात राहतात, हे त्यांच्यापैकी एकालाही कधी सुचले नाही.

कलम १. या आधी लिहिलेले सर्व कागद रद्द समजावेत. अंमलबजावणी मिस स्लोन यांनी करावी.

कलम २. मासे कापण्याच्या माझ्या दोन सुऱ्या कारखान्यात माझ्या जागेवर त्या दिवशी जी बाई उभी असेल तिला द्याव्यात. धार मी लावून ठेवली आहे. मी त्या जागेवर तीस वर्षे उभी होते. माझी थोरली बहीण ओडेसा माझ्या डाव्या हाताला. पाय गारठलेल्या पाण्यात आणि समोर पट्ट्यावरून सरकणारे मासे.

इथे एक गोष्ट लिहून ठेवणे भाग आहे. आम्हा दोघींना रक्तदाबासाठी पाण्याची गोळी होती. ती घेतली की तासातासाला लघवीला जावे लागते. मुकादम डेविट पुरविस पाळीत दोनदाच जाऊ देत असे, आणि संडासाच्या दाराशी घड्याळ धरून उभा राहत असे. "किती वेळ गं, ओडेसा? आत झोपलीस काय?" सगळ्या पट्ट्याला ऐकू जाईल असे ओरडायचा. पन्नाशी उलटलेली, नातवंडे असलेली बाई मान खाली घालून परत येत असे. म्हणून कामाच्या दिवशी आम्ही ती गोळी घेतच नसू. दवाखान्याच्या कागदावर लिहिले गेले, 'रुग्ण औषध नियमित घेत नाही.' का घेत नाही, असे एकाही शहाण्याने विचारले नाही.

डेविट पुरविस याला माझ्या मालमत्तेतून काहीही देऊ नये. तो मागणार नाही हे मला माहीत आहे, तरी लिहिते.

कलम ३. ओडेसाचा निळ्या टोपीतला फोटो, चौकटीसकट, आमच्या जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या त्या डॉक्टरांना हातोहात द्यावा. त्यांचे नाव मिस स्लोन यांना तोंडी सांगितले आहे. त्यांनी तिच्या तोंडाकडे एकदाही नीट पाहिले नव्हते. आता पाहावे.

तो २०१४ सालचा जुलै होता. रविवारी प्रार्थना आटोपून आम्ही बाहेर पडलो आणि ओडेसा गाडीच्या दाराला धरून उभी राहिली.

"जबडा दुखतोय गं. आणि पाठीत कोणी गुडघा रोवून बसल्यासारखं वाटतंय."

"छातीत?"

"छातीत काही नाही. मळमळतंय मात्र."

मी तिला तडक दवाखान्यात नेले. डॉक्टर हातातल्या कागदाशी बोलत होते. "छातीत कळ नाही ना? मग पित्त आहे. शिवाय ताण. वजन कमी करा, बाई."

मी म्हटले, "तिला साखर आहे, प्रेशर आहे. हृदयाचं एकदा बघा ना."

"तुम्ही डॉक्टर आहात का?"

मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याची क्षमा मी अजून स्वतःला केलेली नाही, आणि या कागदावरही करत नाही. ओडेसाला पित्ताचे गुलाबी औषध देऊन घरी पाठवले. सोमवारी दुपारी ओसरीवर चवळीच्या शेंगा सोलत असताना ती बसल्या जागी गेली. वय छप्पन्न.

कलम ४. माझ्या अंत्यविधीत 'देवाने तिला बोलावून घेतले' हे वाक्य कोणीही उच्चारू नये. पास्टर मिम्स यांनी ओडेसाच्या वेळी उच्चारले होते. मी पहिल्या बाकावरून उभी राहिले.

"पास्टर, देवानं नाही बोलावलं. दवाखान्यानं घरी पाठवलं. या दोन गोष्टी एक नाहीत."

उकाड्यात हलणारे सगळे हातपंखे थांबले. पास्टर म्हणाले, "सिस्टर टब्स, दुःखात माणूस..." तेवढ्यात मागून कोणी बाई ओरडली, "सांग, बाई, सांग!" आणि मग अर्धे चर्च म्हणू लागले, "सांग!" मी सांगितले. जबडा, पाठ, मळमळ, गुलाबी औषध, सगळे. त्यानंतर पाच महिने पास्टरांनी मला नमस्कार केला नाही. मीही केला नाही.

त्या पाच महिन्यांत मी सरकारी आरोग्यकेंद्रातल्या परिचारिकेला गाठून एकेक गोष्ट विचारून घेतली. बायकांचे हृदय बंद पडताना छाती दुखतेच असे नाही, हे मला तेव्हा कळले. एकदा रक्त तपासून काही निघाले नाही तर तीन तासांनी पुन्हा तपासायचे असते, हेही.

म्हणून २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये, पट्ट्यापाशी, त्या थंडगार खोलीत मला दरदरून घाम फुटला आणि हातातली सुरी जड झाली, तेव्हा मी शेजारी काम करणाऱ्या बर्नडीनला एवढेच म्हटले, "गाडी काढ." तोच दवाखाना आणि तेच डॉक्टर.

"तुम्हाला चिंता झाली आहे. पहिली तपासणी साफ आहे. घरी जाऊन विश्रांती घ्या."

"मी या खुर्चीतून उठत नाही. तीन तासांनी परत रक्त काढा."

"बाई, मला पोलिसांना बोलवावं लागेल."

"बोलवा. ते येईपर्यंत तीन तास होतील."

पोलीस आला. तो ओडेसाच्या शाळेतल्या मैत्रिणीचा मुलगा निघाला. टोपी काढून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि म्हणाला, "मिस व्हर्लीन उठेपर्यंत मी इथंच आहे." दुसऱ्या रक्तात सगळे निघाले. मला हेलिकॉप्टरने जॅक्सनच्या मोठ्या इस्पितळात नेले, हृदयाच्या तुंबलेल्या दोन नळ्या उघडल्या. ते डॉक्टर मला बघायला आले नाहीत, चुकलो म्हणाले नाहीत.

कलम ५. रक्तदाबाची तीन यंत्रे, साखर तपासायची दोन, आणि घडीचे टेबल चर्चच्या मागच्या खोलीला द्यावे. दर शनिवारी सकाळी मी तिथे बसते आणि कारखान्यातल्या बायका बाही वर करून रांगेत उभ्या राहतात. खोलीची किल्ली पास्टर मिम्स यांनी स्वतः आणून दिली, हे त्यांच्या बाजूने नोंदवते. त्या टेबलावर चर्चच्या वर्गणीसाठी केकची विक्री मांडू नये.

कलम ६. बँकेतली शिल्लक आणि पिकअप गाडी माझा मुलगा रॉस्को, राहणार मेम्फिस, याची. तो फोनवर म्हणाला, "आणि घर केंड्राला? मग मी कोण?" तू माझा मुलगा आहेस, रॉस्को, आणि तुला पक्के घर आहे. यापुढे तक्रार असल्यास ती माझ्या थडग्यापाशी येऊन करावी. मी ऐकून घेईन.

कलम ७. पेकन स्ट्रीटवरचे घर, अंगणासह, ओडेसाची मुलगी केंड्रा हिला, एका अटीवर. तिने आधी साखर, रक्तदाब आणि हृदय तपासून घेऊन तसा कागद मिस स्लोन यांना दाखवावा. मगच किल्ली मिळेल.

केंड्रा एक्केचाळीस वर्षांची आहे. शाळेची बस चालवते. माझ्या स्वयंपाकघरात उभ्या उभ्या एका दमात तीन पेले पाणी पिते आणि तिला वाटते की मला दिसत नाही. अट ऐकून ती भडकली.

"घर देऊन मला विकत घेतेस होय, मावशी?"

"हो. घेते."

"साखर निघाली आणि इन्सुलिनच्या सुया घ्यायची पाळी आली तर नियमाने बस हातची जाईल. मग खाऊ काय? तुझ्या भिंती?"

"तुझी आईही नोकरीसाठीच गोळी सोडत होती."

ती दार आपटून गेली. तीन आठवडे फिरकली नाही. अट मी तरीही ठेवली.

कलम ८. माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर 'नैसर्गिक कारण' असे लिहू देऊ नये. ओडेसाच्या दाखल्यावर तेच लिहिले आहे. बाईला घड्याळ लावून संडासाला पाठवणे यात निसर्गाचा काय संबंध? सगळ्या आजारांची नावे एकाखाली एक लिहावीत. जागा पुरली नाही तर दुसरा कागद जोडावा.

दुरुस्ती, सही करण्यापूर्वी, माझ्या हाताने: कलम ७ मधली अट खोडली आहे. काल केंड्रा आली आणि तिने तपासणीचा कागद टेबलावर ठेवला. साखर आहे, रक्तदाब आहे, हृदय अजून धड आहे. गोळ्यांवर भागते, बस राहिली. मी कागद वाचत होते तर म्हणाली, "घर नको मला. तू असेपर्यंत तर नकोच." घर बिनशर्त तिचे.

स्थळ: मिस स्लोन यांची कचेरी, हॅलोवे. दिनांक १४ मार्च २०२३.
सही: व्हर्लीन टब्स

आम्ही, बर्नडीन गॉस आणि विडा पेटवे, दोघी निवृत्त, पूर्वी त्याच पट्ट्यावर, साक्षीदार म्हणून लिहितो की हा कागद व्हर्लीनने आमच्यासमोर स्वतः मोठ्याने वाचला आणि मग सही केली. वाचताना दम लागून ती दोनदा थांबली. उरलेले आम्ही वाचू का, असे विचारले. ती म्हणाली, "माझं मी वाचते. तुम्ही ऐका." आम्ही शेवटपर्यंत ऐकले.

सही: बर्नडीन गॉस
सही: विडा पेटवे