पाकीट परत पाठवायला हवं होतं

चांदा,
१० फेब्रुवारी १९५८

प्रिय कमळा,

तुझं संक्रांतीचं पत्र मिळालं आणि उत्तर द्यायला मी तीन आठवडे लावले. तब्येतीचं निमित्त सांगता आलं असतं, पण हिवताप आता येत नाही. एटापल्लीहून उचलून मला इथल्या कचेरीत आणून बसवलं, तेव्हापासून वाळक्या फांद्या कागदावर चिकटवतो, खाली नावं लिहितो आणि दुपारी मुखरू कारकुनाबरोबर चहा पितो. लच्छूचा पाय बरा झाला का? पन्नाशीला आला तरी मोहाच्या शेंड्यावर चढतो बेटा! त्याले माझं नाव सांगून चांगला रागव. म्हणावं, तूच पडलास तर आपली मोजणीची तीनशे बारा झाडं ओळखणार कोण? झाडांवर ठोकलेले नंबरांचे पत्र्याचे बिल्ले तर निम्मे वानरांनी नेले.

पाच वर्षं झाली गं. रानात मोह एवढा, तरी त्याची नवी रोपं का तगत नाहीत, एवढाच प्रश्न घेऊन आपण तिथे जाऊन बसलो. फुलं मोजा, फळं मोजा, बी मोजा, रोपं मोजा. सलग सात वर्षं, आणि मध्ये एकाही वर्षाचा खाडा नको, नाहीतर मागचं सगळं पाण्यात. हे मीच तुला पहिल्या दिवशी बजावलं होतं. तू म्हणाली होतीस, "भाऊ, सात काऊन, दहा वर्सं बसतो की." मनात म्हटलं होतं, ही पोर पावसाळ्यापर्यंतही टिकत नाई. कसला मूर्ख मी.

मूर्खपणाच काढायचा तर पहिल्या मार्चचाही आठवतो. फुलं पडायला लागली आणि मी टोपली घेऊन धावलो. गावाचा पंडुम व्हायचा होता. नवं फूल देवाला दाखवून सगळ्यांनी मिळून सण केल्याशिवाय तिथे कोणी ते वेचत नाही, हे मला ठाऊकच नव्हतं. चैतू पुजारी टोपलीकडे बघून घरी निघून गेला. आठ दिवस गाव आपल्याशी बोललं नाही, आणि पाणी भरणाऱ्या बुधरीने पाण्याचा हंडासुद्धा आपल्या दारात ठेवला नाही. मग ठरलं, पंडुम होईल त्या दिवसापासून मोजायचं. एका वर्षी सात मार्च, दुसऱ्या वर्षी एकोणतीस. तुझ्या वह्यांत तारखा अशा मागेपुढे आहेत त्या त्यामुळे, आणि त्या तशाच खऱ्या लिहायच्या, हा हट्टही माझाच.

अनुदान देणारे नागपूरचे जुने साहेब होते तोवर त्या तारखांचं काही वाटलं नाही. ते स्वतः यायचे, बाजेवर बसून लच्छूच्या घरची आंबील प्यायचे, चैतूला चार गोष्टी विचारायचे आणि कागदावर सही करायचे. पण त्याच साहेबांनी आपल्या साडूला मासे अभ्यासायला अनुदान दिलं होतं, आणि तळं असं, की उन्हाळ्यात त्यात म्हशीसुद्धा भिजत नाहीत! तेव्हा आपण पोट धरून हसलो होतो. विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि हे सगळं मोडून नवी पद्धत आली, तेव्हा सगळ्यांत जास्त टाळ्या मी वाजवल्या. अर्जावर नाव नाही, गाव नाही. बंद पाकिटातून तीन परीक्षकांकडे जायचा. परीक्षकाने अर्जदाराला ओळखलं तर काही न लिहिता पाकीट परत पाठवायचं. बरोबरच आहे की नाही? मलाही कोणीतरी परीक्षकांच्या यादीत घातलं, आणि खरं सांगतो, मी फुशारून गेलो.

दिवाळीनंतर मला चार पाकिटं आली. तिसरं उघडलं, तारखांचा तक्ता पाहिला आणि ओळखलं, हा तुझा अर्ज. सात मार्च. एकोणतीस मार्च. मी ते पाकीट तेव्हाच परत पाठवायला हवं होतं. पण मी विचार केला, दुसरे दोघे मुंबईत बसून काय म्हणतील? तारखांचा ताळमेळ नाही, काम ढिसाळ. कमळाला ढिसाळ म्हणतील! मला नाही राहवलं. मी दोन पानं भरून पंडुम समजावला. पुजारी, टोपली, आठ दिवसांचा अबोला, सगळं लिहिलं. लिहिताना डोळ्यांत पाणी आलं होतं, एवढं छान लिहिलं होतं.

अर्जात त्यातला एक शब्द नव्हता, कमळा. तू जागेच्या रकान्यात नियमाप्रमाणे काही लिहिलं नव्हतंस. मुंबईच्या समितीने विचारलं, मग परीक्षकाला हे कळलं कुठून?

तीन आठवड्यांपूर्वी माझं नाव यादीतून काढल्याचं पत्र आलं. त्याबरोबर तो अर्जही बाद झाला. दुसऱ्या दोघांनी काय लिहिलं होतं ते मुखरूने मुंबईच्या कारकुनाकडून काढून आणलं. दोघांनीही तारखांचं कारण अर्जदाराला विचारावं आणि काम चालू ठेवावं, असं लिहिलं होतं. मी काहीच केलं नसतं, तरी काम वाचलं असतं. मी मुंबईला दोनदा लिहिलं, राजीनामा देतो म्हटलं, पाया पडतो म्हणायचं तेवढं बाकी ठेवलं. उत्तर फार सभ्य आहे. बाद झालेला अर्ज पुन्हा उघडायची सोय नाही, पुढच्या वर्षी नव्याने यावं. त्यांच्यावर चिडू तरी कसा? नियम चांगला आहे. यंदाचा मार्च मात्र गेला.

तुला सरकारी कागद आठवड्याभरात मिळेल. फेब्रुवारीअखेर काम थांबवावं, एवढंच त्यात असेल, कारण लिहायची पद्धत नाही. मी तुला ओळखतो. तू पाचही वर्षांच्या वह्या काढून बसशील, एकेक बेरीज पुन्हा करशील आणि आपलं कुठे चुकलं ते शोधत राहशील. त्या कागदाच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून लिहितो आहे. वह्या उघडू नकोस, पोरी. त्यात चूक नाही. चूक मी केली.

तुझाच,
नानाजीभाऊ