दह्याची परीक्षा

प्लोव्हदिव, मंगळवार

प्रिय नेवेना,

सुखरूप पोचलो. जावा मोटरसायकलने वाटेत त्रास दिला नाही, गुडघ्याने थोडा दिला. तुझ्या आईचा खोकला कसा आहे?

ट्रेलर ठरला, एका चाकाचा. दोन चाकांच्या ट्रेलरात मधमाश्यांच्या पाचही पेट्या एका फेरीत गेल्या असत्या. यात दोनच मावतात. दुकानदार मांचो हसला. म्हणाला, "माश्या आहेत की नवऱ्या? दोघीदोघींना मिरवत नेणार?"

मी त्याच्या डब्यातलं दह्याचं मडकं मागून घेतलं. अर्धं दही वाडग्यात काढून दोन चाकांच्या ट्रेलरात ठेवलं आणि खड्ड्यांच्या आवारात फेरी मारली. एक चाक खड्ड्यात गेलं की सगळा ट्रेलर कलायचा. दह्याचं ताक झालं. मडक्यातलं उरलेलं दही एका चाकाच्या ट्रेलरातून तसंच फिरवलं. तो मोटरसायकलबरोबर झुकत राहिला. दही मोडलं नाही.

"आता ते ताक तूच पी," मांचो म्हणाला. मी प्यायलो.

गेल्या वर्षी वळणावर गाडा उलटला, ते तू विसरली नाहीस. मीही नाही. पण उरलेल्या पाच पेट्या फुलं सरण्याआधी वरच्या कुरणात न्यायच्याच आहेत. तीन फेऱ्या होऊ देत.

शुक्रवारी दही लाव. पेट्यांच्या आधीची एक फेरी फक्त त्या दह्याची. ते मोडलं, तर मी पेट्यांना हात लावणार नाही.

वाट बघ, काळजी करू नकोस.

तुझा
रादोय